धाकट्याची चूल

हेझलडेन, केंट
संत जॉनच्या सणाचा दुसरा दिवस, जून १५२१

बार्टल,

तुला पत्र लिहायची मला काही हौस आलेली नाही. मी चुलीच्या काठावर बसले आहे आणि इथून उठले की तुझा भाऊ चूल उकरायला मोकळा. म्हणून चर्चच्या कारकुनाला, लँबर्टला, इथेच बोलावून घेतलं. मी सांगते आणि तो लिहितो. मध्ये मध्ये खोकतो. म्हणतो, काकू, दारात जाऊन बसू या का? म्हटलं, तू जा, तिथून ऐकू आलं तर लिही. बसलाय मुकाट्याने.

तुझे वडील ईस्टरच्या आधी गेले, हे तुला कळलंय. तू आला नाहीस. ते राहू दे.

आता नीट वाच. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, पण सात वर्षं समुद्रापलीकडे कॅलेच्या किल्ल्यावर पहारा करून विसरला असशील, म्हणून सांगते. जमीन दोघा भावांत निम्मी निम्मी. मी जिवंत आहे आणि दुसरा नवरा करत नाही, तोवर सगळ्यातलं अर्धं माझ्या हातात. आणि चूल धाकट्याची. नुसती चूल नाही, चुलीभोवतीचं चाळीस फुटांपर्यंतचं जे काही असेल ते धाकट्याचं. थोरला आधी हातपाय पसरून बसतो, धाकटा उघड्यावर पडतो, म्हणून पूर्वीच्या लोकांनी हे ठरवून ठेवलंय. वेडे नव्हते ते.

जर्व्हेसने गेल्या आठवड्यात एक गवंडी आणला. तो माणूस आपल्या माजघरात उभा राहिला, मान वर करून आढ्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "एवढी उंच पोकळी नुसती धुराला दिलीय? इथे मधून माडी टाका की!" जर्व्हेस लगेच खूश. माजघरावर माडी टाकायची, तिच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीला विटांचं धुराडं बांधायचं. तिच्या म्हणजे सिसलीच्या, त्याच्या बायकोच्या. आणि मधली चूल उकरून तिथे फरशी घालायची. चूलच राहिली नाही, तर चाळीस फूट कुठून मोजणार? तुझा भाऊ बोलायला गोड आहे, पण हिशेब पक्का आहे त्याचा.

मी म्हटलं, चुलीला हात लावशील तर बघ. तो म्हणाला, "आई, अगं डोळे उघडून बघ. डुकराच्या मांडीसारखी आपण सगळी या घरात धुरात टांगलेली आहोत."

"टांगलेली मांडीच टिकते," मी म्हटलं. "उघड्यावरची सडते."

गवंडी हसला. जर्व्हेस नाही हसला.

जहागिरीचा कारभारी संत मार्टिनच्या सणाला, नोव्हेंबरात, इथे येणार आहे. बारा शेजारी बरोबर आणेल आणि वाटणी लावेल. त्याने निरोप धाडलाय की त्या दिवशी चुलीपाशी धाकटा स्वतः नाहीतर त्याचं कोणीतरी माणूस बसलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर चूल थोरल्याची. मला तुझं माणूस धरत नाहीत, कारण मी दोघांची आई. असला न्याय!

तर ये. सँडविच बंदराला लोकर नेणारा गाडीवान हे पत्र नेतोय. त्याच गाडीवानाबरोबर उलटा ये.

तुझी आई,
थॉमसिन

*

हेझलडेन
संत स्विदिनचा दिवस, जुलै

बार्टल,

तुझं उत्तर आलं. लँबर्टने वाचलं. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं, म्हटलं हा काहीतरी चुकीचं वाचत असेल. नाही. तू तेच लिहिलं आहेस. "चूल जर्व्हेसला देऊन टाक. मी इथे विटांच्या घरात राहतो, डोळे चुरचुरत नाहीत. आणि ज्या घरात माझ्या बायकोला जागा नव्हती, त्या घरातली चूल मला कशाला?"

वा रे वा! किती सुरेख लिहितोस. पाद्रीबाबांकडे शिकायला पाठवला त्याचं चीज झालं.

तुझी ती फ्लेमिश बायको मला नको होती, हे खरं आहे. दगड मिळत नाही म्हणून माती भाजून घरं बांधणाऱ्यांची पोर, ना आपली भाषा, ना आपली रीत. मी तेव्हा जे बोलले ते बोलले. माफी वगैरे मागायला बसलेली नाही. पण रागाच्या भरात चूल सोडायची? राग माझ्यावर, आणि नुकसान तुझ्या पोराचं? लँबर्ट म्हणतो तुला मुलगा झालाय, पत्राच्या तळाशी एका ओळीत लिहिलं आहेस. एका ओळीत! बोकड विकत घेतल्यासारखं.

इकडची गंमत ऐक. जर्व्हेसला वाटत होतं की चाळीस फूट म्हणजे माजघर आणि वर थोडंसं. मी हेमो सुताराला बोलावलं. त्याच्या आजोबानेच हे घर उभं केलं होतं, तेव्हा दोरी त्यानेच धरावी हे बरं. चुलीच्या मधोमध मी पाय ठेवून दोरीचं टोक दाबलं आणि हेमो निघाला. खालच्या बाजूला बोळ ओलांडला, दारूची पिंपं ठेवायची खोली ओलांडली आणि थेट बाहेर अंगणात. मग चुलीच्या दुसऱ्या बाजूला. जर्व्हेसच्या खोलीत शिरला, पलंगावरून दोरी ओढत नेली. सिसली आत केस विंचरत होती, ती किंचाळली. हेमो म्हणाला, "बसा बाई, तुम्ही फक्त मध्ये आलात," आणि मागच्या दाराने बाहेर पडला तो सफरचंदाच्या झाडापाशी थांबला. म्हणजे अख्खं घर तुझं. जर्व्हेसच्या वाट्याला घरापुरती जमीन जास्त येईल, पण घर तुझं.

जर्व्हेसचा चेहरा बघायला हवा होतास. मग तो एकदम ओरडला, "पंधरा वर्षं मी या छपरावर कौलं चढवतोय! मी भिंतींना शेण-माती लिंपतोय! तो तिकडे भाला घेऊन समुद्र बघत उभा आहे, आणि घर त्याचं?"

त्याचंही खोटं नाही. तुझ्यापेक्षा जास्त राबलाय तो. पण रीत म्हणजे रीत, आणि मी जिवंत असेपर्यंत ती मोडू देणार नाही. तुला नको असेल तर इथे येऊन, बारा जणांसमोर, तोंडाने सांग की नको. कागदावरून नाही चालणार.

आई

*

हेझलडेन
संत मायकेलच्या सणाआधीचा गुरुवार, सप्टेंबर

बार्टल,

माझ्याकडून एक चूक झाली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

ऑगस्टच्या शेवटी वादळ झालं, आढ्याच्या टोकाला धूर बाहेर जायची जी भोकं आहेत त्यांतल्या एकापाशी कौलं उडाली. जर्व्हेस गोड बोलला. "आई, वर माणसं चढवायची आहेत. खाली जाळ असला तर गुदमरून पडतील बिचारी. दोन दिवस अंगणातल्या भट्टीघरात स्वयंपाक कर." मला पटलं. माणसं पडायला नकोत ना? मी स्वतः फावड्यावर निखारे घेतले आणि भट्टीघरात नेऊन ठेवले. माजघरातली चूल विझली. तुझ्या पणजोबांपासून, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वडिलांपासून, कधी विझली नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी हेमो आला आणि डोक्याला हात लावून बसला. "वहिनी, हे काय केलंत? जिथे जाळ तिथे चूल. आता जर्व्हेस कारभाऱ्याला सांगणार, घराची चूल भट्टीघरात आहे. तिथून चाळीस फूट मोजले तर बार्टलला डुकरांचं खुराडं मिळेल."

एवढी म्हातारी झाले, आणि पोटच्या पोराने लहान पोरीला फसवावं तसं फसवलं! उठले, फावडं घेतलं, भट्टीतले निखारे उचलले आणि अंगणातून चालत निघाले. जर्व्हेस वाटेत आडवा उभा राहिला. म्हटलं, "बाजूला हो, नाहीतर हे तुझ्या पायांवर ओतते." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि झाला बाजूला. आईला ओळखतो तो.

हाताला थोडं भाजलं. लोणी लावलंय. चूल पेटलेली आहे, आणि मी आता तिच्यापाशीच झोपते, तिथेच जेवते. चर्चला जातानासुद्धा हेमोच्या बायकोला बसवून जाते.

लँबर्ट मला म्हणतो, थांबा काकू, शाई वाळू द्या. एवढा वेळ का लागतो कुणास ठाऊक.

*(बार्टल, ही ओळ मी माझ्या मनाने लिहितोय, त्यांना वाचून दाखवणार नाही. थोडं नाही, तळहात पूर्ण भाजलाय. फावड्याची मूठ त्यांना दिसली नाही, त्यांनी पात्यालाच हात घातला. त्यांना आता दारात कोण उभं आहे हे ओळखू येत नाही, आवाज दिल्यावर कळतं. धुराने डोळे गेलेत. मी पुढे काही सांगत नाही. — लँबर्ट)*

मी काय सांगत होते? हां. तू येणार नाहीस हे मला कळलंय. बरं. येऊ नकोस. मग तुझी बायको पाठव.

दचकलास? मीही दचकले, जेव्हा पहिल्यांदा मनात आलं. पण कारभाऱ्याने काय सांगितलंय? धाकटा, नाहीतर त्याचं माणूस. तुझी बायको तुझं माणूस आहे, तुझा मुलगा तर आहेच. तिला म्हणावं, सासूने बोलावलंय. आवडत नाही अशी सासू आहे, पण बोलावलंय. आणि दुसरं. ती विटांचं काम करणाऱ्याची मुलगी ना? तिला स्वतःला धुराडं बांधता येतं का? मला नीट विचारून कळव. नाही, कळवत बसू नकोस, तिलाच पाठव, इथे आली की दिसेल.

आई

*

हेझलडेन
संत लूकच्या सणानंतरचा रविवार, ऑक्टोबर

बार्टल,

तुझी बायको आली. मायकेन. नाव एवढं साधं असेल असं वाटलं नव्हतं.

लोकरवाल्याच्या रिकाम्या गाडीतून आली, मुलगा कमरेवर, आणि पिशवीत गवंड्याची थापी. मी चुलीपाशीच होते. ती दारात थांबली, आत आली, आणि सगळ्यात आधी खोकली. मग तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. सिसलीला वाटलं नमस्कार करतेय. मला मात्र कळलं. सुनेने सासूच्या स्वयंपाकघरात नाक मुरडलेलं जगात कुठेही कळतं. शिव्या देत होती ती धुराला.

मी पोराला मागितलं. दिलं तिने. जड आहे. तुझ्यासारखे कान आहेत, हाताने चाचपून पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून ती घरभर वर बघत फिरतेय. हेमो आणि ती दोघं तासन् तास बोलतात, तो आपल्या भाषेत, ती तिच्या, आणि मध्ये कोळशाने फळीवर रेघा. हेमोने मला सांगितलं ते असं. जर्व्हेसचं धुराडं त्याच्या खोलीकडच्या भिंतीला बांधून मधे माडी टाकायची तर मधली मोठी तुळई कापावी लागेल, आणि ती कापली की दोन्ही बाजूचे खांब बाहेर झुकतील. हे खांब म्हणजे अख्खी ओकची झाडं आहेत, उलटी उभी केलेली, बुंध्याची जाड बाजू वर, म्हणजे तुळई आणि वासे दोन्ही तिच्यात बसतात. सगळं एकमेकांना धरून आहे. पण आपली चूल मुळात तुळईच्या बरोबर खाली नाहीच, हातभर बाजूला आहे. हेमोच्या आजोबाने जाळ तुळईला लागू नये म्हणून तशी ठेवली होती. म्हणजे धुराडं चुलीवरच, आहे त्याच जागी, सरळ वर नेलं, तर एकही लाकूड कापायला नको.

"चूल तिथेच?" मी विचारलं.

"तिथेच, वहिनी. दगडसुद्धा हलवायचा नाही."

बार्टल, मी इतके महिने धुराडं नको, धुराडं नको म्हणून बोंबलत होते. धुराड्याने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. मला फक्त चूल हलायला नको होती. हे माझ्या डोक्यात आधी आलं असतं, तर एवढा घसा कोरडा करावा लागला नसता.

आता विटांचं. जर्व्हेसने उन्हाळ्यात आपल्या खालच्या शेतातली माती काढून, आपल्याच रानातल्या लाकडावर भाजून विटा करून घेतल्या होत्या, अंगणात रचून ठेवल्या आहेत. मायकेन गेली आणि उचलायला लागली. जर्व्हेस धावत आला. "ए बाई! माझ्या विटा आहेत त्या!" तिने थापी कमरेला लावली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"माती घरची, लाकूड घरचं," मी म्हटलं. "सगळ्यातलं अर्धं माझं. मोज आणि अर्ध्या दे."

"आई, तू वेडी झालीस का? वीट अर्धी कशी—"

"वीट अर्धी करू नकोस, ढीग अर्धा कर."

त्याने ढीग अर्धा केला, दात खात. पण मायकेनने मान हलवली. अर्ध्या विटांत धुराडं तुळईच्या उंचीपर्यंतच जाईल. वर छपराबाहेर जायला पुरणार नाहीत. मला वाटलं, झालं, संपलं. तिने हेमोकडे पाहिलं, मग आपल्या कुडाच्या भिंतीवर थाप मारली. हेमो हसायला लागला. वरचं धुराडं लाकडी चौकटीचं, काठ्या विणून, आतून बाहेरून मातीने जाड लिंपलेलं. तुळईपर्यंत तिचं काम, तिथून वर हेमोचं.

काम सुरू आहे. जाळ विझू द्यायचा नाही म्हणून मी निखारे लोखंडी भांड्यात ठेवून त्याच चुलीच्या दगडावर, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत बसते, आणि माझ्या भोवती भिंत चढतेय. एकदा विटांच्या आतच अडकले होते. मायकेनने हाताला धरून बाहेर काढलं, आणि हसली. मीही हसले. चूक झाली ती हसायची, आता तिला वाटेल मी मऊ आहे.

आई

*

हेझलडेन
संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, नोव्हेंबर

बार्टल,

काल झालं सगळं. अगदी सुरुवातीपासून सांगते.

धुराडं परवा पूर्ण झालं. पहिला मोठा जाळ केला, तेव्हा वरची ओली माती पडते की काय म्हणून हेमो छपरावर बसून होता. नाही पडली. सगळा धूर भसकन वर गेला. माजघरात इतकं मोकळं वाटलं, की सिसली मधोमध येऊन उभी राहिली आणि रडायला लागली. तिला या धुराचा किती त्रास होता हे ती मला कधी बोलली नाही. मी विचारलंही नव्हतं.

काल कारभारी आला, बारा शेजारी आले. जर्व्हेसने आधीच तोंड उघडलं. "ही चूल नाही. चूल म्हणजे जमिनीवरचा जाळ. हे धुराडं आहे, नवीन बांधलंय, आणि माझ्या विटांनी बांधलंय."

"अर्ध्या," मी म्हटलं.

कारभारी खाली वाकला, जाळाखालचा दगड बघितला, बाराही जणांनी आळीपाळीने बघितला. त्यांतल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने दगडाच्या कडेचा खळगा हाताने चाचपला. "इथे मी लहानपणी आक्रोड फोडत होतो," तो म्हणाला. "हाच दगड." कारभाऱ्याने विचारलं, "जाळ कधी विझला होता?" मी लपवलं नाही. भट्टीघरात नेलेले निखारे सांगितले, परत आणलेले सांगितले. आणि हात दाखवला. त्याने हात पाहिला आणि म्हणाला, "पुरे."

मग त्याने मायकेनला विचारलं, तू कुणाची कोण? तिला एक शब्द समजला नाही. लँबर्ट पुढे होऊन सांगायला लागला, तेवढ्यात तिने चुलीवरचं भांडं उतरवलं. वाटाण्याची घट्ट आमटी होती, आत डुकराची चरबी, सकाळपासून शिजत होती. तिने पहिला वाडगा भरला आणि कारभाऱ्याच्या हातात दिला. दुसरा भरला आणि जर्व्हेसपुढे धरला.

कुणाच्या चुलीवरचं कोण वाढतंय आणि कोण पाहुण्यासारखं घेतंय, हे बाराही जणांना कळत होतं. जर्व्हेस हलला नाही. मला वाटलं आता हा वाडगा पाडणार. मग सिसली पुढे आली, तिने वाडगा घेतला, चुलीपाशी बाकावर बसली आणि खायला लागली. जर्व्हेसने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "मलाही दे."

कारभाऱ्याने आपली आमटी संपवून निकाल दिला. चूल धाकट्याची. घर धाकट्याचं. जर्व्हेसला त्याबदल्यात नदीकाठची जमीन जास्त. तो संध्याकाळी सामान बांधायला लागला, मी त्याला म्हटलं, कुठे निघालास? "घर तुझ्या लाडक्याचं झालं ना?" म्हटलं, गप बस, हिवाळ्यात कोण घर बदलतं? मायकेनला विचारलं, म्हणजे हातवारे केले. तिने त्याच्या हातातली गाठोडी घेतली आणि परत खोलीत नेऊन टाकली. उरलेल्या अर्ध्या विटा आता तो स्वतःच देतोय, वसंतात वरचं मातीचं धुराडंही विटांचं करू म्हणतोय. पुढे माजघरावर माडीसुद्धा टाकू म्हणतो, तुळई न कापता. टाकू देत.

तर बार्टल, आता कारभाऱ्याचं काम नाही, तारीख नाही, कुणाला दाखवायला तू इथे बसायची गरज नाही. तुझं माणूस बसलंय, घट्ट बसलंय. मी तिला काल विचारलं, कॅलेला परत कधी? ती नाही म्हणाली. तेवढा शब्द आता येतो तिला.

जूनपासून मी तुला चुलीसाठी ये, चुलीसाठी ये म्हणून लिहितेय. चूल मिळाली. आता सांगते, ये. डोळे माझे गेलेत, कोण काय करतंय ते हेमो आणि लँबर्ट सांगतात तेच तुला लिहिते. लँबर्टने तुला कळवलंच असेल, मी आंधळी आहे, बहिरी नाही, त्याची लेखणी दोन ओळी जास्त चालली ते मला ऐकू आलं होतं. तू दारात उभा राहिलास तर मला दिसणार नाहीस. आल्यावर आवाज दे, जवळ ये, तुझ्या तोंडावरून हात फिरवू दे. मला तू हवा आहेस. एवढंच.

समुद्र खवळायच्या आत निघ.

आई